नेम धरून चुकलेले चेंडू

तैपेई,
४ नोव्हेंबर २०१८

प्रिय लेकाल,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर माझं वर्तमानपत्रातलं चिनी नाव, आणि आत "तिपुसताई". अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं, लिहिणारा कुठेतरी पळत सुटल्यासारखं.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया करा, मी म्हणते पुढच्या वर्षी. तैपेईची बुरबुर सुरू झालीय, धुतलेले कपडे दमटच राहतात. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कुत्रा आणलाय, तो टपालवाल्यावर भुंकत नाही, माझ्यावर भुंकतो. पेपरातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी आठवड्याला एक सदर मागतात, नव्या गायकांबद्दल चारशे शब्द. पूर्वी आठशे असायचे. नवे गायकही निम्मंच गातात, त्यामुळे तक्रार नाही.

आता तुझ्या कामाचं. गावच्या शाळेला बेसबॉलचा प्रशिक्षक हवाय, मुख्याध्यापकांना तू हवा आहेस, काही पालकांना नको आहेस. म्हणून एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीचं शिफारसपत्र लागतं, आणि गावातून तशी व्यक्ती शोधली तर माझंच नाव पुढे आलं. वाचून मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. गावातल्या अर्ध्या लोकांना मी तैपेईत नेमकं काय करते हे कधी कळलं नाही. मावशी तर शेवटपर्यंत समजत होती की मी पेपर विकते.

तू लिहितोस, "ताई, तुझं सगळं लिखाण मी वाचत आलोय." सगळं? बरं. मग थोडी उजळणी झाली तर कंटाळणार नाहीस.

तुझी आई गेली आणि तुझे वडील खोल समुद्रातल्या बोटीवरून परतले नाहीत, तेव्हा तू आमच्या घरी आलास. मी आठ वर्षांची होते, तू सहाचा. त्या सुमारास साऱ्या बेटाला बेसबॉलचं खूळ लागलं होतं. बाबा शाळेतल्या पोरांना घेऊन गोट्यांच्या किनाऱ्यावर जायचे आणि पळवायचे. नुसतं पळायचं नाही, गात पळायचं. "ज्याचा सूर तुटला त्याचा दम तुटला," असं ओरडायचे. मीही मागून पळायचे. गायचेही. पण खेळायला उभी राहिले की म्हणायचे, "तिपुस, तू फळ्यावर धावा मांड. मुलगी चेंडू टाकताना दिसली तर समोरची पोरं हसतील." मग मी धावा मांडायचे. कुणी कसा चेंडू टाकला, कोण घाबरला, कोण उगाच हसला, हे सगळं मी बघत बसायचे. तू चेंडू टाकायला लागलास तेव्हा तर बघण्यासारखं खूपच होतं. बाबा तुझं मनगट हातात धरून दाखवायचे आणि तुझ्याकडे असे बघायचे की माझं नाव त्यांना आठवत असेल की नाही अशी शंका यावी.

असो. पेपरात मुलाखतीला गेले तेव्हा संपादक त्साई यांनी विचारलं, "कुठली?"

"तायतुंगच्या किनाऱ्यावरची, सर. आमिस जमातीची."

"अरे वा, म्हणजे डोंगरातली!"

"समुद्रकाठची."

"तेच ते. तुम्ही लोक चेंडू खेळता आणि गाता. मग दोन्ही तूच बघ. एका पगारात."

खोलीतले सगळे हसले. मीही हसले. नोकरी हवी होती. त्या विनोदावर मी बत्तीस वर्षं जेवले.

दुपारी मैदानावर, संध्याकाळी कुठल्यातरी रंगमंचामागे. खेळाडूंना वाटायचं ही गाण्यांची बाई, हिला काय कळतंय. गायिकांना वाटायचं हिच्या अंगाला घामाचा वास येतो. एकीने मला तोंडावर सांगितलं होतं, "आधी आंघोळ करून या, मग मुलाखत." मी शेजारच्या हमामखान्यात जाऊन आंघोळ करून आले आणि मुलाखत घेतली. चांगली झाली. पहिलं पुस्तक मी पूर्व किनाऱ्यावरच्या पोरांवर लिहिलं, अनवाणी खेळून शहरातल्या संघांत गेलेल्या. त्यातलं सगळ्यात लांब प्रकरण तुझ्यावर होतं. दुसरं पुस्तक आपल्या बायकांच्या कापणीच्या गाण्यांवर. दुसऱ्याला बक्षीस मिळालं. पहिलं दुकानांतून परत आलं. ते का, हे तुला माहीत आहे, म्हणून इथे लांबण लावत नाही.

१९९६ नंतर मी फक्त गाण्यांवर लिहिलं.

मधे एकदा आपली गाठ पडली होती, गरम झऱ्यांच्या त्या हॉटेलात. मला तिथल्या संगीत महोत्सवाला पाठवलं होतं आणि मंचावर तू. लाल सदरा, डोक्याला पिसं, भलतंच नाव. बसमधून उतरलेल्या पाहुण्यांना तू म्हणालास, "हे आमच्या लोकांचं स्वागतगीत," आणि बाबांचं किनाऱ्यावर पळायचं गाणं म्हणायला लागलास. लोक टाळ्या वाजवत होते, तालाला सोडून. नंतर तू डुकराच्या मांसाची बशी घेऊन माझ्या टेबलाशी आलास.

"ताई, लिहिणार का माझ्यावर?"

"आवाज चांगला राहिलाय तुझा."

"एवढंच?"

"मी आता गायकांवरच लिहिते, लेकाल."

तू हसलास. "मग मी गायकच तर आहे की!"

महोत्सवावर मी लिहिलं. सगळ्यांची नावं आली, तुझं सोडून.

सहीचं बघते. पुढच्या आठवड्यात गावी जातेय. आईला भेटते, मग कळवते. थंडीत छातीला जप, तुला लहानपणापासून खोकला लवकर धरतो.

तुझी,
तिपुसताई


तैपेई,
१९ नोव्हेंबर २०१८

लेकाल,

गावाहून आले. आईने तुझ्यासाठी खारवलेलं मांस बरणीत भरून ठेवलंय, येऊन घेऊन जा. मला म्हणाली, तू ने. मी नाही आणलं.

तू परवा फोन केलास आणि म्हणालास, "ताई, साध्या एका सहीला एवढा विचार?" मी फोन ठेवला. लाइन तुटली नव्हती, मी ठेवला. मला वाटलं होतं हे सगळं न लिहिता एखादं सभ्य कारण सांगून मोकळी होईन. म्हणजे पेपरचे नियम, तब्येत, असं काहीतरी. पण गावात जे कळलं त्यानंतर ते जमत नाही.

आई अंगणात हिरव्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. नव्वदीला टेकली तरी बोटं चालतात. मी शेजारी बसले. इकडचं तिकडचं झालं. चर्चमधले नवे फादर फार लांब बोलतात, शेजारच्यांच्या सुनेने दुचाकी घेतली. मग एकदम म्हणाली, "दिलीस का त्याला सही?"

"नाही."

"का?"

"आई, तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे म्हणूनच विचारते. पोरगं म्हातारं झालं. दात गेले. हॉटेलात पिसं लावून गातं. किती दिवस धरून बसशील? तुझ्या बाबांनी तर तेव्हाच पोटात घातलं होतं. तिथंच, मैदानावर."

"मैदानावर तेव्हा कुणाला काय माहीत होतं? पोलिस तर पुढच्या वर्षी आले."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिच्या तोंडून निसटलं होतं, आणि आता ते परत गिळता येणार नाही हे तिलाही कळलं.

आता मला पहिल्यापासून सांगावं लागेल, म्हणजे तुझ्यासमोरही एकदा सगळं सरळ मांडलं जाईल. आजवर आपण दोघं त्याला "ती भानगड" म्हणत आलो.

१९९६ साली लोक कुजबुजायला लागले होते. बिबटे संघ मुद्दाम हरतो. बिबट्यांच्या पिचरला कुणीतरी विकत घेतलंय. बिबट्यांचा पिचर म्हणजे तू. मी त्साईंना सांगून टाकलं होतं की हे घरचं माणूस आहे, मी यावर लिहिणार नाही. मग तू तैपेईला आलास. मैदानाजवळच्या त्या नूडल्सच्या दुकानात आपण बसलो. तू दोन वाडगे खाल्लेस, मला आठवतं, कारण मला बरं वाटलं होतं की याची भूक शाबूत आहे.

"ताई, लोक काहीबाही बोलतात. तू एकदा लिही ना."

"तूच सांग मला. काही आहे का त्यात?"

"बाबांची शपथ, काही नाही. चेंडू हातात घेतला की मला अजून त्यांचा आवाज ऐकू येतो. मी विकेन का तो?"

मी लिहिलं. एका रविवारच्या पानाच्या मथळ्यावर माझं नाव, आणि खाली: हा हात मी लहानपणापासून ओळखते, हा हात विकला जाणार नाही. तुला पाठ असेल, मलाही आहे. बारा वर्षांत मी कुणासाठी असं लिहिलं नव्हतं. कुणाच्या बाजूने उभं राहून नाही. सगळं बघायचं आणि मांडायचं, एवढंच मला माहीत होतं.

गावात पेपर पोचला आणि बाबा पेटून उठले. म्हणाले, पोराला एकटं पडू द्यायचं नाही, पुढचा सामना आपण बघायचा. त्यांनी आयुष्यात तुझा एकही व्यावसायिक सामना मैदानात बसून पाहिला नव्हता. बसने तायतुंग, तिथून रेल्वेने काओशुंग. मी तैपेईहून तिथे पोचले. आईने चिकट भात पानांच्या टोपल्यांत बांधून दिला होता, ढीगभर, "संघातल्या सगळ्यांना पुरेल असा". बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. प्रेक्षकांत कुणीतरी ओळखलं, की हे त्याचे पहिले गुरू. त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. बाजूच्या माणसाने माझा लेख खिशातून काढून त्यांना दाखवला, आणि बाबा म्हणाले, "माझी मुलगी." लेकाल, एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

पाचव्या डावापर्यंत तू असा टाकत होतास की डोळ्यांचं पारणं फिटावं. सहाव्यात तुझे चेंडू रेषेबाहेर जायला लागले. एक फलंदाज फुकटात पहिल्या तळावर, मग दुसरा, मग तिसरा. आणि मग मधोमध एक मऊ चेंडू, लहान पोरानेही टोलवला असता असा. तो भिंतीबाहेर गेला. माझ्या मागच्या रांगेतला माणूस रडत होता. माझा लेख वाचून त्याने तुझ्यावर पैज लावली होती, ते मला पुढे कळलं. असे कितीतरी होते. तुला विकत घेणाऱ्या जुगाऱ्यांना तेच हवं होतं. कुजबुजीमुळे कुणी तुझ्यावर पैसा लावायला तयार नव्हतं, आणि माझ्या नावाने तो आला.

बाबा उठले. भाताच्या टोपल्या तशाच परत आणल्या. स्टेशनवर गाडीची वाट बघताना फक्त म्हणाले, "खांदा दुखत असेल त्याचा."

मी तेही छापलं. दुसऱ्याच दिवशी. "त्याला घडवणाऱ्या गुरूंच्या जाणत्या नजरेला मात्र दुखरा खांदा दिसला." शब्द न् शब्द माझा. मला वाटलं बाबांनी मला बातमी दिली. मुलीला बापाने पहिल्यांदा बातमी दिली.

पुढचं सगळ्या देशाला माहीत आहे. सरकारी वकिलांनी तुम्हाला एकेक करून बोलावलं आणि तू सगळं कबूल केलंस. कुठला सामना, कुठला डाव. माझ्या लेखानंतरचा तो सामना त्यात होता. वाचकांनी माझा लेख पाकिटात घालून मला परत पाठवला. कुणी त्यावर तांबूल थुंकून, कुणी नुसताच. रोज गठ्ठा यायचा. त्साईंनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं, हेच त्यांनी माझ्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं सौजन्य. म्हणाले, "खेळ बंद. गाणी बघ. गाण्यात कुणी कुणाला फसवत नाही." आपलं पुस्तक तेव्हाच दुकानांतून परत आलं. मी छत्तीस वर्षांची होते. मैदानावरच्या कुठल्याही माणसाने पुन्हा माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.

मी घरी गेले तेव्हा बाबा म्हणाले, "गाण्यावर लिही. गाणं बरं असतं."

तर आई. शेंगा बाजूला ठेवून तिने सांगितलं. त्या सामन्याहून बाबा परतले, पाय धुतले, ओट्यावर बसले आणि तिला म्हणाले, "थकलेला हात वेडावाकडा चुकतो. हा नेम धरून चुकत होता. तीन फलंदाज, आणि दरवेळी एकाच ठिकाणी. असा नेम मीच शिकवलाय त्याला."

आईने विचारलं, "पोरीला सांगितलंत?"

बाबा म्हणाले, "तिला सांगितलं तर ती लिहील."

मी आईला हे पुन्हा म्हणायला लावलं. तिने पुन्हा म्हटलं.

तिला सांगितलं तर ती लिहील. म्हणजे मी काय आहे हे त्या माणसाला पुरतं माहीत होतं. फळ्यावर धावा मांडायला बसवलेली पोर खोटी धाव मांडणार नाही, याची त्यांना खात्री होती. आणि म्हणूनच त्यांनी मला खांदा सांगितला. तू आतून बाहेरून रिकामा झालेला दिसत असताना त्यांनी एका क्षणात ठरवलं की दोघांपैकी कुणाला वाचवायचं. तुला. माझं नाव जाईल हे त्यांना कळत नव्हतं असं मी मानत नाही. स्टेशनवर ते माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, दु:खाने.

त्यानंतर ते सात वर्षं जगले. सात वर्षं मी दर नववर्षाला घरी गेले, त्यांच्यासमोर बसून जेवले, आणि त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांनी पोरांना शिकवणं सोडलं ते तुझ्या लाजेने, असं मी समजत होते. गाण्यांवरच्या एका लेखात ओघात तसं लिहिलंही होतं. आता वाटतं, तेही चुकीचं छापलं.

आई म्हणाली, "रागावू नकोस त्यांच्यावर. बापाचं मन."

मी म्हटलं, "कुणाच्या बापाचं?"

ती उठून आत गेली आणि तुझ्यासाठी बरणी भरायला लागली.

तू कोर्टात सांगितलंस की त्या जुगाऱ्यांनी तुला गाडीत बसवून पिस्तूल दाखवलं. मी मानते. इतरांनाही दाखवलं होतं, काहींना मारलंही. भ्यायलास, यात मला नवल नाही. मीही भ्याले असते. पण नूडल्सच्या दुकानात तू एकटा आला होतास, लेकाल. टेबलावर पिस्तूल नव्हतं. तू मला म्हणाला असतास, "ताई, मी अडकलोय," तर मी काय केलं असतं हे मला ठाऊक नाही, पण ते आपण दोघांनी मिळून केलं असतं. त्याऐवजी तू दोन वाडगे खाल्लेस आणि बाबांची शपथ घेतलीस.

नंतर तू सगळ्यांची माफी मागितलीस. प्रेक्षकांची, संघाची, शाळेची. टीव्हीवर वाकून वाकून. बाबांच्या अंत्यविधीला त्यांच्या पेटीसमोर तासभर गुडघ्यांवर बसलास. माझ्याकडे कधी आला नाहीस. हॉटेलात आलास तो मांसाची बशी घेऊन.

शिफारसपत्र अजून कोरंच आहे.

तिपुस


तैपेई,
१६ डिसेंबर २०१८

लेकाल,

तुझा फोन आला तेव्हा मी जास्त बोलले नाही, म्हणून हे शेवटचं लिहून ठेवते.

तुझी नेमणूक झाली, आईने कळवलं. मुख्याध्यापकांनी फाटकावर कापडी फलक लावलाय. तुझं नाव मोठं, आणि खाली "सुप्रसिद्ध लेखिकेच्या शिफारशीने". आईने चष्मा लावून दोनदा वाचला म्हणे.

ते कसं झालं ते तुला सांगते, कारण तुझा गैरसमज झालेला दिसतो. मी एक पानभर लिहून पाठवलं होतं. त्यात होतं की चेंडू कसा धरायचा, मनगट कसं सोडायचं हे पोरांना शिकवायला या किनाऱ्यावर तुझ्यासारखा माणूस नाही. आणि त्यात होतं की तू सामने विकलेस, मी तसं काही नाही असं लिहून लोकांना फसवलं, आणि तुझ्या हाताची हमी मी देऊ शकते, शब्दाची नाही. हे समितीने पालकांसमोर वाचावं असंही लिहिलं होतं.

मुख्याध्यापकांचा फोन आला. भला माणूस आहे, तरुण आहे.

"मॅडम, पत्र फारच सुंदर. पण जरा लांबलंय. समितीला फक्त सही आणि पद लागतं. मी दोन ओळींचा नमुना पाठवतो, चालेल ना?"

"तुम्ही वाचलंत का पूर्ण?"

"वाचलं ना, मॅडम. जुन्या गोष्टी आहेत. आता पोरांचं भलं बघायचं. सगळ्यांनाच आता हे मिटवायचंय."

मी दोन ओळींवर सही केली. का, म्हणशील, तर ती पोरं तीन वर्षं प्रशिक्षकाविना खेळताहेत आणि त्यातल्या एकाचा कोपर आत्ताच बिघडलाय, मी स्वत: मैदानाच्या कुंपणाशी उभी राहून पाहिलं. तुझ्यासाठी केली नाही. फोनवर तू रडत म्हणालास, "ताई, तू मला माफ केलंस!" आणि मी म्हटलं, "मी सही केली." तू पुढे बोलतच राहिलास, म्हणून दुसऱ्यांदा सांगते.

आता दुसरी गोष्ट. माझं तिसरं पुस्तक एप्रिलमध्ये येतंय. प्रकाशकांना माझ्या कारकिर्दीच्या आठवणी हव्या होत्या. मैदान, रंगमंच, गमती, थोरामोठ्यांचे किस्से. ते सगळं आहे त्यात. आंघोळ करून या म्हणणारी गायिकाही आहे. पण मधे एक प्रकरण आहे. त्यात माझे ते दोन लेख जसेच्या तसे छापलेत, एक शब्दही न बदलता, आणि त्यांच्याखाली आज मला जे माहीत आहे ते. नूडल्सचं दुकान. सहावा डाव. स्टेशन. बाबा ओट्यावर बसून काय म्हणाले ते. तुझं नाव आहे, त्यांचंही आहे.

आईला मी फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मेलेल्या माणसाला कशाला उभं करतेस?"

"मी जिवंत आहे, आई," मी म्हटलं.

"गाव काय म्हणेल?"

"ते म्हणतीलच."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आपल्या लोकांत घर आईचं असतं आणि आईनंतर मुलीचं. त्या घरात मी आता कुठल्या तोंडाने जाईन, मला माहीत नाही. तिला दर रविवारी फोन करते. उचलते, हं म्हणते, ठेवते. तू आता गावातच आहेस. तिच्याकडे जेवायला जात जा. तुझ्या हातचं पाणीही तिला गोड लागतं, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. लिहिताना झाला, तर झाला.

प्रकाशकांनी विचारलं, त्या माणसाला कळवलंय का? मी म्हटलं, कळवते. तेवढ्यासाठी हे पत्र. या पुस्तकानंतर तुझी नोकरी राहील की जाईल, मला सांगता येत नाही. कदाचित कुणी वाचणारही नाही, माझं पहिलं कुठे वाचलं! पण त्या पोरांतल्या एखाद्याचा बाप वाचेल, किंवा मोठा झाल्यावर एखादा पोरगा. एप्रिलपर्यंत तुझ्याकडे वेळ आहे. त्याआधी मैदानावर त्यांना बसवून तू स्वत: सांगायचंस, की त्यांना ते छापील कागदावरून कळू द्यायचं, हे तुझं तू ठरव. मी त्यात पडणार नाही, आणि तू कसं सांगावंस हेही शिकवणार नाही.

तू आणि बाबा, दोघांनी मिळून माझं नाव वापरलंत, आणि दोघांनीही मला आधी सांगितलं नाहीत. मी तुझं वापरतेय, आणि आधी सांगतेय. माझ्याकडून तुझ्यासाठी आता एवढंच निघतं.

उत्तर पाठवू नकोस.

तिपुस